कपाटातील यंत्र आणि वर्गातील शिक्षक



ज्या गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आपले सारे आयुष्य एका सरकारी प्राथमिक शाळेत खडू, फळा आणि स्वतःचा कंठ एवढ्या तीन साधनांच्या बळावर वेचले. अशा गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या व्यासपीठावरून मी शाळेतील यंत्रांविषयी बोलणार आहे, यात कोणास विसंगती वाटत असेल तर ती प्रथमच दूर करावी असे मला वाटते. यंत्र हा माझ्या विषयाचा अर्धाच भाग आहे. उरलेला, आणि माझ्या मते थोरला भाग, यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचा आहे. जिल्हा परिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या शाळांत गेल्या दहाबारा वर्षांत प्रोजेक्टर आले, टॅब आले, संगणक आले, भिंतीवर टांगावयाचे मोठे पडदे आले. फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली, दप्तरी नोंद झाली. पण या साऱ्या सामग्रीबरोबर शिक्षकाच्या शिक्षणाची तजवीज किती आली? हा एकच प्रश्न घेऊन मी आज आपल्यापुढे उभा आहे.

भिवंडीत हा प्रश्न विचारताना फार मोठी प्रस्तावना करण्याचे कारण नाही, कारण यंत्र म्हणजे काय हे या गावाला कोणी शिकवावे लागत नाही. हे गाव हातमागावरून यंत्रमागावर गेले ते केवळ लोखंडी सांगाडे विकत आणल्यामुळे गेले काय? ज्याच्या गाळ्यात आठदहा माग खडखडत आहेत अशा कोणत्याही मालकाला विचारा. तो सांगेल, की माग आणणे पैशाचे काम आहे. तो चालता ठेवणे जॉबराचे काम आहे. धोटा मध्येच का अडकतो, ताण्याचे तार एकाच अंगाला का तुटतात, कापडाची वीण एका जागी विरळ का पडते, हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस असेल तर माग म्हणजे रोजी, आणि तो नसेल तर माग म्हणजे अडवलेली जागा. आणि हा जॉबर कसा तयार होतो? एखाद्या दिवसाच्या शिबिरात, चहाबिस्किटांनंतर दिलेल्या प्रमाणपत्राने? नाही. तो जुन्या जॉबराच्या मागून, हातात पाना घेऊन, चालत्या मागाशेजारी वर्षानुवर्षे हिंडलेला असतो. मूल म्हणजे सूत नव्हे आणि शाळा म्हणजे कारखाना नव्हे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मी तुलना करतो आहे ती माणूस आपल्या कामात तयार होण्याच्या रीतीची, आणि ती रीत मागावर जितकी खरी तितकीच वर्गातही खरी आहे.

आता थोडे मागे जाऊ. शिक्षकाला शिकवावे लागते ही कल्पना आपल्याकडे आजकालची नाही. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, ती शाळा आपण सारे स्मरतो. परंतु तेथील शिक्षिका सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, अहमदनगरास मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यास मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कुलात घेतले होते, हे मात्र आपण लवकर विसरतो. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक तयार करणाऱ्या शाळांची शिफारस केली. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन सादर केले, तेव्हा प्राथमिक शिक्षणाचा कैवार घेताना त्यांनी शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याचा पगार त्याला ताठ मानेने जगता येईल इतका असावा, या दोन्ही गोष्टी एकाच दमात मागितल्या. एकाच दमात, हे मी मुद्दाम सांगतो आहे. शिक्षकाचे ज्ञान आणि शिक्षकाची प्रतिष्ठा यांची फारकत त्यांनी केली नाही.

आणि शाळेत यंत्र येणे तरी कोठे नवे आहे? १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर, अमेरिकेच्या एका उपग्रहाचे साहाय्य घेऊन, आपल्या देशाने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा थोर प्रयोग केला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या प्रयोगाची एक बाजू मला फार मोलाची वाटते. मुलांसाठी कार्यक्रम होतेच. परंतु हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षणही त्याच पडद्यावरून दिले गेले, आणि पडद्याच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य व हाताने करावयाचे प्रयोग ठेवले गेले. पडदा एकटा पुरणार नाही हे त्या लोकांनी पहिल्याच वर्षी ओळखले होते. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था निघाली. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी या सभागृहात बसलेली आहे. आज ती संस्था उरलेली नाही. त्या काळच्या प्रक्षेपणात एक अंगभूत उणीव होती, आणि ती कोणा माणसाची नव्हती. कार्यक्रम आपल्या वेळेस येई आणि आपल्या वेळेस जाई. मुलाच्या डोळ्यांत प्रश्न दिसला म्हणून शिक्षकाला तो थांबविता येत नसे.

आजच्या साधनात नवे काय आहे, असे मला कोणी विचारले तर मी रंग सांगणार नाही, वेग सांगणार नाही. मी थांबविण्याची कळ सांगेन. ज्या क्षणी चित्र थांबविता येऊ लागले, त्या क्षणी वर्गाची सत्ता पुन्हा शिक्षकाच्या हाती आली. बी रुजताना दिसते आहे, अंकुर बाहेर पडण्याच्या आधीच्या क्षणाला शिक्षकाने चित्र थांबविले आणि विचारले, "आता आधी काय बाहेर येईल, मूळ की पान?" वर्गात दोन पक्ष पडले, वाद झाला, एकाने घरच्या भिजवलेल्या मटकीची साक्ष काढली, आणि मग चित्र पुढे गेले. आता हीच चित्रफीत आरंभापासून अखेरपर्यंत अखंड लावून शिक्षक मागे हजेरीपट भरीत बसले, तर? यंत्र तेच, फीत तीच, वीजही तेवढीच जळाली. शिक्षण मात्र एका वर्गात झाले आणि दुसऱ्यात झाले नाही. कोठे थांबावे हे कोणतेच यंत्र सांगत नाही. ते विषय जाणणाऱ्या आणि मुले जाणणाऱ्या माणसालाच कळते, आणि अशा माणसाची घडण हाच शिक्षक-प्रशिक्षणाचा खरा अभ्यासक्रम होय.

या घडणीचा सर्वोत्तम धडा मला आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात सापडतो, आणि त्यात विजेचा एकही दिवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरीबाईंची साधने युरोपातून मागवावयाची तर आदिवासी पाड्याला ती परवडणार कशी? तेव्हा या दोघींनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने, बांबू यांतून साधने उभी केली. गुरे राखावयास जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा हे नाव दिले. मला यात साधनांपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक दिसते. साधन कशासाठी आहे हे ज्याला कळले, तो साधन घडवितो, बदलतो, मोडले तर दुसरे करतो. ज्याला ते कळले नाही, तो साधनाची पूजा करतो किंवा त्याला कुलूप घालतो. कोसबाडला ज्या शिक्षिका शिकून बाहेर पडत त्या मुलांसमवेत प्रत्यक्ष काम करून शिकत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझे पुढचे म्हणणे त्यावरच उभे आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. भिवंडीहून फार दूर नसलेल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाचा लहानसा पाडा आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने गावकऱ्यांचा हातभार घेऊन मुलांच्या हाती टॅब आणि भिंतीवर पडदा आणला, आणि पाहता पाहता राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक ती शाळा पाहावयास येऊ लागले. डिजिटल शाळा हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांत रुजला त्याचे मोठे श्रेय या पाड्याला आहे. दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या परितेवाडीचे. तेथील रणजितसिंह डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांनी दहा लाख डॉलरांच्या त्या पारितोषिकाचा निम्मा भाग अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून दिला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुस्तकावर छापलेल्या क्यूआर कोडाच्या त्या काळ्यापांढऱ्या चौकोनामागे काय होते? वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड आहे, पुस्तक तिला परके आहे, हे त्यांनी आधी ओळखले. स्वतः कन्नड शिकले. पहिली ते चौथीची पुस्तके मुलांच्या भाषेत नव्याने रचली. आणि मग त्या पानांना ध्वनी व चित्र जोडण्यासाठी तो चौकोन आला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते चौकोन छापले गेले. चौकोन लाखो पुस्तकांवर छापता येतो. कन्नड शिकण्यास बसणारा शिक्षक छापून मिळत नाही.

दूरच्या एका देशाचा दाखला केवळ एका वाक्यात देतो. दक्षिण अमेरिकेतील पेरूने आपल्या गरीब मुलांना लाखो लॅपटॉप वाटले आणि नंतर काळजीपूर्वक तपासणी झाली, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलांची प्राप्ती वाढल्याचे आढळले नाही.

मग आपल्याकडे अडते कोठे? शिक्षक आळशी आहेत, त्यांना नवे नको असते, हे उत्तर फार सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. मी काही वर्षांपूर्वी एका शाळेत गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटाला कुलूप, आत खोक्यातून न काढलेला प्रोजेक्टर आणि सात टॅब. मी कारण विचारले. बाई कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवले. त्यात प्रत्येक वस्तूपुढे किंमत होती आणि खाली त्यांची सही होती. "सर, मुलाच्या हातून एक जरी फुटला, तर वसुली माझ्या पगारातून होईल. मी सेवानिवृत्तीला आले आहे. ना देय दाखला अडला तर मी कोणाकडे जाऊ?" श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या प्रशिक्षण-शिबिरात मिळते? मुलांच्या हाती द्यावयाची वस्तू मुलांच्या हातून मोडणारच. पाटी फुटत होती, तसा टॅबही फुटेल. तेव्हा प्रामाणिक वापरात मोडलेल्या वस्तूचे निर्लेखन विनासायास व्हावे, त्याची मुदत ठरलेली असावी, आणि शिक्षकावर वसुलीचे सावट राहू नये, असा स्पष्ट लेखी हुकूम निघाला, तर माझ्या मते त्या एका कागदाने जितकी कपाटे उघडतील तितकी दहा परिसंवादांनी उघडणार नाहीत. दुरुस्तीची तरतूद, विजेच्या बिलाची तरतूद, या गोष्टी त्याच्याच पाठीला लागून येतात. बिल थकले आणि वीजजोडणी तुटली, म्हणून पडदा काळा पडला आहे अशा शाळा महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. खरेदीसाठी पैसा मिळतो, निगराणीसाठी मिळत नाही, हा आपल्या कारभाराचा जुना शिरस्ता आहे.

आता प्रशिक्षणाविषयी. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या; आपल्या जिल्ह्याची संस्था राहटोलीस आहे. रचना अशी, की पुण्यास राज्य पातळीवर काही तज्ज्ञांस शिकवावे, त्यांनी जिल्ह्याच्या सुलभकांस, त्यांनी तालुक्याच्या, आणि अखेर केंद्रावर सर्व शिक्षकांस. उतरंडीच्या वरच्या मडक्यातले पाणी खालच्या मडक्यात, तेथून त्याखालच्या, असे ओतीत नेले तर शेवटच्या मडक्यात ओल तेवढी पोचते. यात ओतणाऱ्याचा दोष नाही, रीतीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने निष्ठा या नावाने ४२ लक्ष शिक्षकांचे प्रशिक्षण हाती घेतले. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षास ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे ठरविले. पन्नास तास, आकडा उत्तम आहे. पण ते तास कोठे बसून घालवावयाचे? घरी रात्री, मोबाइलवर चित्रफीत पुढे पुढे सरकवीत आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेत? की जेथे मुले आहेत तेथे?

माझे मत निःसंदिग्ध आहे. प्रशिक्षण वर्गात व्हावे, मुले समोर असताना व्हावे. जपानात शिक्षकांची एक प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे: एक शिक्षक आपल्या नित्याच्या वर्गाला पाठ देतो, त्याचे सहकारी मागे बसून पाहतात, शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे पाहतात, आणि नंतर सर्वजण मिळून तो पाठ पुन्हा घडवितात. आपल्याकडे यासाठी नवे खाते काढावे लागणार नाही. केंद्र आहे, केंद्रप्रमुखांचे पद आहे, महिन्याची शिक्षण परिषद आहे. त्या परिषदेतून परिपत्रकांचे वाचन काढून टाका. परिपत्रक तर आता सर्वांच्या खिशातल्या फोनवर असतेच. त्या जागी एक पाठ ठेवा. आज अपूर्णांक, पडद्यासह. पुढच्या महिन्यात तोच अपूर्णांक, पडद्याशिवाय, भाकरी आणि दोरी घेऊन. आणि मग मोकळ्या मनाने चर्चा करा, की कोणत्या पाठात मुले अधिक बोलली. कदाचित भाकरी जिंकेल. जिंकू द्या. यंत्र कोठे नको हे ज्याला सांगता येते, त्यालाच यंत्र कोठे हवे हेही सांगता येते.

यासाठी वेळ लागेल, आणि येथे मला थोड्या तीव्रतेने बोलले पाहिजे. आपल्या शाळांत तंत्रज्ञान शिकवावयास येण्याच्या आधी हिशेब मागावयास आले. सरल, यू-डायस, शालार्थ या माहिती भरण्याच्या प्रणाली आल्या, पोषण आहाराची रोजची नोंद आली. आणि यांतील बहुतेक माहिती शिक्षकाने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खर्चाने, पुष्कळदा शाळेच्या वेळातच भरावयाची असते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकास अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. तक्ते भरणे हे त्या मनाईत बसते की नाही, याचा खल कायदेपंडितांनी करावा. मी एवढेच विचारतो, की ज्या बोटांनी थांबविण्याची कळ दाबावयाची, ती बोटे जर दिवसभर तक्ते भरण्यात गुंतली असतील, तर पडदा लावायचा कोणी? शाळांच्या एका केंद्रास एक लेखनिक दिला, तर शिक्षकांच्या डोक्यावरचा हा भार त्याच दिवशी उतरेल.

आणि भिवंडी! या गावाने मला दोन गोष्टी विचार करावयास लावल्या आहेत, त्या सांगून पुरे करतो. पहिली भाषेची. या शहरात महानगरपालिकेच्या शाळा मराठीत आहेत, उर्दूत आहेत, तेलुगूत आहेत, हिंदीतही आहेत. मागावर एकाच ताण्यात ज्या वस्त्या शेजारी शेजारी काम करतात, त्यांची मुले वेगवेगळ्या फळ्यांपुढे बसतात. बालभारती पुस्तके या भाषांत छापते. परंतु पडद्यावरचे साहित्य, त्यातले चांगले साहित्य, किती भाषांत तितकेच मिळते? उर्दू शाळेतील बाईंनी आणि पद्मशाली मुलांच्या तेलुगू शाळेतील सरांनी एका टेबलाशी बसून, एकमेकांचे पाठ पाहून, स्वतःची साधने आपापल्या भाषेत घडवावीत, असे स्थान या शहराइतके दुसरीकडे सहसा मिळणार नाही. परितेवाडीत जे एका शिक्षकाने केले, ते येथे शंभर शिक्षकांनी मिळून करावयाचे आहे.

दुसरी गोष्ट तालुक्यातील वीटभट्ट्यांची. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडी आपल्या गावी परततात. मूल दोन्ही हजेरीपटांवर असते किंवा कोणत्याच नसते. विधायक संसद या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात या मुलांसाठी भट्टीवरच्या झोपडीसारख्या भोंग्यात शाळा भरविल्या आणि त्यांना भोंगाशाळा म्हटले. मुलाच्या मागे शाळा गेली. आज एका लहानशा यंत्रात मुलाची प्रगती, त्याचे पुढचे पान, त्याच्या गावच्या शिक्षकाचा निरोप, सारे काही भट्टीवरच्या शिक्षकापर्यंत पोचू शकते. तंत्रज्ञानाचा याहून न्याय्य उपयोग मला सुचत नाही. पण त्यासाठी दोन शिक्षक हवेत, दोघांची ओळख हवी, आणि दोघांनाही आपण कोणासाठी हे करतो आहोत हे ठाऊक हवे.

श्रोतेहो, या सभागृहात नगरसेवक बसले आहेत, पंचायत समितीचे सदस्य आहेत, कारखान्यांचे मालक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आणि ज्यांची मुले सरकारी शाळेत जातात असे आईबापही आहेत. माझी आपणा सर्वांस एक विनंती आहे. येत्या सोमवारी आपल्या घराजवळच्या शाळेत जा. कुरकुर करण्यासाठी जाऊ नका, तपासणीसाठीही नको. मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा, की कपाटाची किल्ली कोठे आहे, आणि ते उघडण्यासाठी त्यांना आमच्याकडून काय हवे आहे. ते जे सांगतील ते लिहून घ्या, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत तो कागद मांडा.